दान (धर्मसाधना)

स्वतःचे धन परतफेडीची अपेक्षा न ठेवता देणे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात योग्य स्थळी, योग्य वेळी, पात्र व्यक्तीला कर्तव्यबुद्धीने दिलेले दान सात्त्विक मानले आहे. फळाच्या आशेने दिलेले राजस, तर अवहेलनेने दिलेले तामस. बौद्ध परंपरेत दान ही पहिली पारमिता होय. इस्लाममधील जकात शिल्लक संपत्तीच्या साधारण अडीच टक्के, तर शिखांचा दसवंध उत्पन्नाचा दहावा हिस्सा असतो.

रत्नागिरी जिल्ह्यात या साधनेचे ठळक उदाहरण भागोजीशेठ कीर यांचे आहे. भंडारी समाजातील गरीब घरात जन्मलेले कीर मुंबईत बांधकाम व्यवसायात श्रीमंत झाले. त्या काळी अनेक देवळांत जातीमुळे गाभाऱ्यापर्यंत जाता येत नसे. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांच्या प्रेरणेने कीरांनी स्वखर्चाने पतितपावन मंदिर उभारले. १९३१ मध्ये ते सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले.

देणाऱ्याच्या भक्तीला येथे सामाजिक न्यायाची जोड मिळाली. म्हणूनच हे दान थोर ठरते.