घोड्यावरची रायफल आणि बंदुकीचा घोडा

मागच्या शनिवारी मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात गेलो होतो. शेकरू दिसलं, डास भरपूर चावले. हे रान १९८६ साली अभयारण्य झालं. त्याआधी संस्थान असेपर्यंत ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. येताना गाडीत एकच किडा डोक्यात वळवळत होता. शंभरेक वर्षांपूर्वी अलिबागहून घोड्यावर निघून सह्याद्री चढणाऱ्या एखाद्या साहेबाने सोबत कुठली रायफल घेतली असती?

आमच्या धंद्यात आधी रिक्वायरमेंट्स लिहितात. कुलाबा जिल्ह्यातलं (रायगड हे नाव १९८१ चं) रान दाट, म्हणजे सांबर, भेकर किंवा डुक्कर दिसणार ते चाळीस-पन्नास पावलांवर. लांब पल्ल्याचा इथे काय उपयोग? हवा दमट, लोखंडाला गंज ठरलेला. आणि घाटातली वाट अशी की अर्धा वेळ घोड्यावरून उतरून लगाम धरून चालायचं, त्यामुळे वजन महत्त्वाचं.

प्रतिष्ठेची चीज म्हणजे विलायती दुनळी. १८९८ साली रिग्बी कंपनीने .४५० बोअरची नायट्रो एक्सप्रेस काढली. ४८० ग्रेनची म्हणजे साधारण ३१ ग्रॅमची गोळी, आणि रायफल पाच किलोच्या आसपास. नळ्या आणि दस्ता वेगळे करून पेटीत घालता येतात ही सोय खरी, पण पेटी उघडून जोडणी होईपर्यंत सांबर माणगावला पोचलेलं असायचं! उलट ऑस्ट्रियाची १९०३ ची मानलिखर-शोनावर कार्बाईन पाहा. ६.५ मिलिमीटरची, जेमतेम तीन-सव्वातीन किलो, लांबी मीटरभर. बोल्टची मूठ चपटी, लोण्याच्या सुरीसारखी, त्यामुळे खोगिराच्या म्यानात अडकत नाही आणि मांडीला टोचत नाही. घोडेस्वारासाठी मी तरी डोळे मिटून हीच घेतली असती. वाघ समोर आला तर मात्र डोळे उघडावे लागले असते, तो भाग वेगळा. (तरी जिम कॉर्बेटला १९०७ साली मारलेल्या चंपावतच्या वाघिणीबद्दल बक्षीस मिळाली ती .२७५ रिग्बी, तीही हलकीच.)

इथवर सगळं इंजिनियरिंग झालं. खोदत गेलो तसं लक्षात आलं की हिंदुस्थानात रायफल निवडायचं काम शिकाऱ्यापेक्षा सरकारच्या भीतीने जास्त केलंय.

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवाना सक्तीचा झाला, आणि त्यातून गोऱ्या लोकांना सूट. म्हणजे वरची सगळी चर्चा कोणासाठी ते बघा. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. गाव शिरढोण, पनवेलजवळ, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. मग १९०७ साली .४५० बोअरवर बंदी आली. कारण काय, तर लष्कराची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल त्याच व्यासाची. शिकारीच्या काडतुसातल्या गोळ्या बंडखोर तिच्यात वापरतील ही धास्ती. कंपन्यांनी मग .४६५, .४७० असे जरा जरा जाड बोअर काढले. जनावराला फरक शून्य! कुठल्याही शिकाऱ्याने न मागितलेली ही व्हर्जन्स, निव्वळ कंपॅटिबिलिटी तोडण्यासाठी.

.३०३ लष्करी, म्हणून तीही सामान्य माणसाला नाही. तिच्याऐवजी आली .३१५. हे मूळचं ऑस्ट्रियन सैन्याचं ८ मिलिमीटरचं काडतूस, इथल्या फौजेच्या रायफलीत न बसणारं, आणि म्हणूनच परवान्यात बसणारं. स्वातंत्र्य मिळालं तरी ईशापूरच्या सरकारी कारखान्यात तीच .३१५ बनत राहिली. लीगसी कोड असा सहजी जात नाही हो.

साध्या कोकणी माणसाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे ठासणीची. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, टोपी बसवायची. मग घोडा ओढायचा, आणि हा त्याच्या वाट्याचा एकमेव घोडा. एक बार चुकला की डुक्कर पळालं तरी बरं, अंगावर आलं तर पुन्हा ठासायला वेळ कोण देतो?

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार पुरती बंद झाली. चांगलंच झालं, नाहीतर मला परवा शेकरू कुठून दिसतं? नवाबाने स्वतःसाठी राखलं म्हणून ते रान उरलं, हे पचायला मात्र जड जातं.

आमच्या गावातल्या एका आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणी होती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. ऑक्टोबर २०१४ ची विधानसभा ऐन भात पिकल्यावर आली. आजोबा रात्रभर मांगरात पत्र्याचा डबा बडवत बसायचे. बंदूक ठाण्यात, डुकरं खाचरात. निकाल लागल्यावर बंदूक आणायला गेले तोवर वरच्या दोन खाचरांत कापायला काही उरलं नव्हतं.