पडदा नसलेले तीन अंक

१/ पटकथालेखन शिकू पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी बहुधा एक वाक्य ऐकवले जाते : कथेला तीन अंक असतात आणि हे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. या वाक्याचा उत्तरार्ध खरा नाही. पूर्वार्ध चित्रपटसृष्टीत नियम म्हणून रुजला, त्यालाही जेमतेम साडेचार दशके झाली आहेत. हा नियम कसा घडला, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ ॲरिस्टॉटल इसवी सनपूर्व चौथ्या शतकातला. शोकात्मिकेच्या कथानकाला आदि, मध्य आणि अंत असावा, इतकेच तो 'काव्यशास्त्रा'त म्हणतो. अंकांचा उल्लेख तो करत नाही. त्याच्यासमोरच्या ग्रीक नाटकांत प्रसंगांच्या मधे वृंदगीते असत. रचनेविषयी बोलताना तर तो दोनच भाग सांगतो : गाठ बसणे आणि गाठ सुटणे.

३/ अंकांची संख्या ठरवून दिली ती रोमन कवी होरेसने, आणि तीही पाच. युरोपने हा दंडक शतकानुशतके मानला. १८६३ साली जर्मन लेखक गुस्टाफ फ्रायटागने नाट्यरचनेचा प्रसिद्ध 'पिरॅमिड' मांडला, तोही पाच टप्प्यांचा. मात्र याच शतकात तीन अंकी नाटके रूढ होऊ लागली होती. इब्सेनचे 'अ डॉल्स हाउस' (१८७९) तीन अंकीच आहे.

४/ मुळात अंक म्हणजे प्रयोगाचा तुकडा. नेपथ्य बदलणे, नटांना उसंत देणे, प्रेक्षकांना पाय मोकळे करू देणे, ही त्याची कामे. सतराव्या शतकातल्या लंडनच्या बंदिस्त नाट्यगृहांत अंकांमधल्या विरामात मेणबत्त्यांच्या काजळलेल्या वाती कापल्या जात. अंक संपला हे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसत असे.

५/ कथेचे टप्पे आणि प्रयोगाचे तुकडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त स्पष्ट दिसतो. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण हे कथानकाचे पाच संधी. नाटकाचे अंक मात्र पाचपासून दहापर्यंत कितीही असू शकतात. म्हणूनच कालिदासाचे 'शाकुंतल' पाच संधींचे असूनही सात अंकी आहे.

६/ चित्रपट आला आणि पडदा पडणे थांबले. त्याचा तुकडा होता रीळ : सुमारे हजार फूट फिल्म, मूकपटाच्या गतीने साधारण पंधरा मिनिटे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) चार रिळांचा होता. चित्रपटगृहात एकच प्रक्षेपक असेल, तर रीळ बदलताना खेळ थांबे. त्यामुळे रिळाच्या शेवटी उत्कंठा ताणून धरणे लेखकाला सोयीचे ठरे.

७/ मग तीन अंक आले कुठून? रंगभूमीवरून आलेल्या लेखकांच्या बोलण्यात ते होतेच. त्यांना पानांच्या हिशेबात बसवले ते सिड फील्ड या अमेरिकन शिक्षकाने. तो चित्रपटव्यवसायात पटकथांचा वाचक होता. आलेली संहिता वाचायची, सारांश लिहायचा आणि ती पुढे पाठवण्याजोगी आहे का ते ठरवायचे, हे त्याचे काम.

८/ या अनुभवातून १९७९ साली त्याचे 'स्क्रीनप्ले' हे पुस्तक आले. एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट. १२० पानांपैकी पहिली ३० मांडणीची, मधली ६० संघर्षाची, शेवटची ३० निराकरणाची. पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या अखेरीस एकेक कलाटणी. इतका सुटसुटीत आराखडा नवख्या लेखकाच्या हाती क्वचितच पडला होता.

९/ फील्डचे आवडते उदाहरण होते रॉबर्ट टाउनने लिहिलेला 'चायनाटाउन' (१९७४). खासगी गुप्तहेर गिट्स एका स्त्रीच्या सांगण्यावरून तिच्या पतीवर पाळत ठेवतो. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजते आणि त्या गृहस्थाची खरी पत्नी समोर येऊन उभी राहते. मग आधीची स्त्री कोण होती? ही पहिली कलाटणी. इथून कथा परत फिरू शकत नाही.

१०/ पण याच चित्रपटाचा शेवट आराखड्याची मर्यादाही दाखवतो. टाउनच्या मूळ संहितेत खलपुरुष मरतो आणि नायिका वाचते. दिग्दर्शक पोलान्स्कीने हट्टाने ते उलटे केले : नायिका मरते, खलपुरुष मोकळा राहतो. तीन अंकांच्या चौकटीत दोन्ही शेवट तितकेच नीट बसतात. कोणता खरा, हे चौकट सांगू शकत नाही.

११/ तरीही चौकट टिकली, कारण ती निर्मात्यांच्या सोयीची होती. संहितांच्या ढिगाऱ्यासमोर बसलेल्या वाचकाला 'तिसाव्या पानापर्यंत काय घडले?' हा प्रश्न झटपट विचारता येऊ लागला. निवडीची चाळणी हळूहळू लेखनाचा नियम बनली. १९९९ साली अभ्यासक क्रिस्टिन थॉम्प्सन यांनी हॉलिवूडचे चित्रपट तपासून बहुतेकांत साधारण सारख्या लांबीचे चार भाग दाखवले. नियम मात्र तीनाचाच राहिला.

१२/ भारतात तर पडद्यावर खरोखरच एक विराम असतो : मध्यंतर. इथला लेखक दोन अर्धांचा विचार करतो आणि सर्वांत मोठा धक्का बहुधा मध्यंतरावर ठेवतो. हे ठिकाण तीन अंकांच्या हिशेबात दुसऱ्या अंकाच्या ऐन मधोमध येते. विशेष म्हणजे साठ पानांचा दुसरा अंक पेलत नाही हे फील्डलाही जाणवले. १९८४ च्या पुढच्या पुस्तकात त्याने साठाव्या पानापाशी 'मध्यबिंदू' जोडला.

१३/ ग्रीक वृंदगीते, लंडनच्या मेणबत्त्या, फाळक्यांची रिळे, भारतीय मध्यंतर : या तुकड्यांमागे प्रयोगाची काही ना काही गरज होती. चित्रपटाचे तीन अंक मात्र प्रेक्षकाला दिसत नाहीत; ते कागदावर असतात आणि संहिता वाचणाऱ्यासाठी असतात. साधन म्हणून ते उपयोगी आहेतच. पण ॲरिस्टॉटलचे नाव लावले की साधनाचे शास्त्रवचन होते, आणि चौकटीत न बसणारी कथा सदोष ठरवली जाते.