नऊ वर्षांच्या बायका

चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा सुरू होते आणि पुढे पंधराएक दिवस चालते. मुंबई-अहमदाबाद हायवेवरून रोज जाणाऱ्यांनाही गावाचं नाव माहीत नसतं, 'डहाणूची महालक्ष्मी' म्हटलं की कळतं. डोंगर चढताना घेरी आलेल्या एका गरोदर आदिवासी बाईसाठी देवी वरून पायथ्याशी उतरली, अशी आमच्याकडची गोष्ट आहे. यात्रेत पाळणे असतात, मिठाई असते, भांडीकुंडी असतात आणि कटलरीची दुकानं असतात. कटलरी म्हणजे आमच्या बोलण्यात काटे-चमचे नव्हेत. टिकल्या, बांगड्या, नेलपेंट, लिपस्टिक, खोटे दागिने. या दुकानांपुढे दर वर्षी सात-आठ वर्षांची एखादी मुलगी लाल लिपस्टिकसाठी हटून बसलेली असते आणि मागून कुणीतरी म्हणतंच, "आजकालच्या पोरी वयाच्या आधीच बायका व्हायला लागल्यात."

या वाक्यातला 'आजकाल' मला खटकतो. सॉफ्टवेअरच्या कामात एखादा बग 'कालपासून येतोय' असं कुणी सांगितलं की आम्ही आधी जुने लॉग उघडतो. पुष्कळदा तो पहिल्या व्हर्जनपासून तिथेच असतो, काल फक्त कुणाच्या तरी नजरेला पडलेला असतो. तर मुलींच्या नटण्याचे जुने लॉग उघडून बघू.

सुरुवात एका शब्दापासून करते. चिरडी. आता हा शब्द कुणी वापरत नाही, पण जुन्या कोशांत आहे. चिरडी म्हणजे लहान मुलीसाठीचं छोटं लुगडं. एखाद्या वस्तूला भाषेत वेगळं नाव पडतं, ते ती वस्तू घरोघरी असते म्हणून. कुणीतरी ती त्या मापात विणत होतं, दुकानदार मागितली की काढून देत होता. बाईचा वेश मुलीच्या मापात मिळणं हा नेहमीच्या व्यवहाराचा भाग होता. आपण ज्याला 'वयाआधी नटणं' म्हणतो, त्याचं कापड दुकानात तयार होतं.

एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा मराठी घरांत मुलीचं लग्न आठ ते अकरा या वयात उरकत. काशीबाई कानिटकरांचं नवव्या वर्षी झालं. रमाबाई रानड्यांचं अकराव्या, तेव्हा न्यायमूर्ती बत्तीसच्या आसपास होते. लक्ष्मीबाई टिळकांचंही अकराव्या वर्षी. लग्नाच्या दिवशी परकर सुटायचा आणि लुगडं यायचं. गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. केसांच्या वेण्या जाऊन खोपा यायचा आणि त्यावर पदर. मग श्रावणात मंगळागौर. आज चाळिशीतल्या बायका हौसेने ग्रुप काढून जे खेळ स्टेजवर करतात, ते तेव्हा दहा-बारा वर्षांच्या मुली रात्रभर जागून खेळायच्या. कारण नवी नवरी म्हणजे तीच वयाची असायची.

पुढे न्हाण आलं की आणखी एक सोहळा. मुलीला फुलांच्या मखरात बसवायचं, दागिने घालायचे, गावातल्या बायकांना बोलवायचं. मुलीच्या अंगात काय बदललं आहे, हे सगळ्या आळीला वाजतगाजत कळवलं जायचं. आज बारा वर्षांच्या मुलीने आयलायनर लावून रील टाकलं की लोक 'प्रदर्शन' हा शब्द वापरतात. तो शब्द वापरण्याआधी मखर एकदा आठवून बघावं.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यातले. त्याच ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना १८६५ साली जन्मली. १८७४ साली, नऊ वर्षांची असताना, पोस्टात काम करणाऱ्या गोपाळराव जोश्यांशी तिचं लग्न झालं. ते बिजवर होते आणि तिच्याहून जवळपास वीस वर्षांनी मोठे. यमुनाची आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. ती पुढे डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. तिचा फिलाडेल्फियातला १८८५ सालचा एक फोटो नेटवर सतत फिरतो. जपानची केई ओकामी किमोनोत, सीरियाची साबात इस्लांबूली तिकडच्या पोशाखात आणि डावीकडच्या आपल्या आनंदीबाई लुगड्यात. आपण तो फोटो अभिमानाने फॉरवर्ड करतो, करावाच. पण फोटोतली मुलगी तेव्हा वीस वर्षांची आहे आणि बाईचा वेश अंगावर घेऊन तिला अकरा वर्षं झाली आहेत. १८८७ साली ती गेली तेव्हा बावीसचीही नव्हती.

ज्या वर्षी आनंदीबाई गेल्या, त्याच वर्षी मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईचा निकाल लागला. तिचंही लग्न अकराव्या वर्षी, दादाजी भिकाजीशी. ती नांदायला गेली नाही. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती पुढे इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'अ हिंदू लेडी' या नावाने बालविवाहावर पत्रं लिहिणारी ती हीच. अकराव्या वर्षी नवरीसारखं सजवलेल्या मुलीने संमती दिली असं धरायचं का, हा तिच्या खटल्यातला खरा प्रश्न होता. सजवणाऱ्यांनी तो विचारलाच नव्हता.

कायदा फार हळू सरकला. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय दहा होतं. १८९० च्या सुमारास कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगाने मेली. त्यानंतर १८९१ मध्ये ते बारा झालं. दहाचं बारा, एवढ्यासाठी पुण्यात केवढा गदारोळ झाला! टिळक विरोधकांच्या पुढे होते, सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून. मग १९२९ चा सारडा कायदा, मुलीचं लग्नाचं वय चौदा. तो १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता, तर त्याआधीच्या महिन्यांत देशभर लोकांनी घाईघाईने लहान मुलींची लग्नं लावून टाकली. १९४९ मध्ये पंधरा, १९७८ मध्ये अठरा.

या तारखांच्या शेजारी कपड्यांची कपाटं उघडली की गंमत दिसते. लग्नाचं वय वर गेलं, मुली शाळेत जास्त वर्षं राहिल्या, आणि मधली काही वर्षं मोकळी झाली. त्या वर्षांसाठी पोशाख लागला. परकर-पोलकं पूर्वी आठव्या-नवव्या वर्षी संपायचं, ते आता पंधरा-सोळापर्यंत लांबलं. मग फ्रॉक, मग शाळेचा गणवेश, दोन वेण्या आणि त्या वर बांधायच्या लाल रिबिनी. मुलीसारखी दिसणारी मोठी मुलगी ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. माझ्या पणजीला ती विचित्र वाटली असती. आपण जिला 'पूर्वीची साधी मुलगी' म्हणतो, ती खरं तर कायद्याने आणि शाळेने घडवलेली, शे-सव्वाशे वर्षांच्या आतली मुलगी आहे. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० साली युरोपबद्दल असंच काहीसं मांडलं. मध्ययुगीन चित्रांत मुलं म्हणजे छोट्या मापाची मोठी माणसं दिसतात, बालपण ही कल्पना नंतरची, असं त्यांचं म्हणणं. इतर इतिहासकारांनी त्यांना बरंच धारेवर धरलंय, ते सोडा. मला ते वाचताना आमच्याकडची वारली चित्रं आठवली. दोन त्रिकोण, चार रेघा, डोक्याला एक ठिपका, बाईला अंबाडा. मूल म्हणजे तीच आकृती, फक्त लहान.

आता इथे थोडं थांबायला हवं, कारण आतापर्यंतची सगळी गोष्ट लुगडी-दागिने परवडणाऱ्या घरांची होती. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कापड मुळातच कमी. बाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत. मुलीच्या अंगावर कायमचं जे चढायचं ते गोंदण. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या आदिवासी बायकांच्या कपाळावर, हातांवर अजून ते दिसतं. ते लहानपणीच काढलं जायचं, दुखायचं आणि मेल्यावरही बरोबर येतं असं सांगितलं जायचं. कुठलीही लिपस्टिक इतकी टिकणारी नाही.

आणि लग्नाचं नटणं कर्जाने यायचं. सावकाराकडून लग्नासाठी पैसे घेतले की नवरा त्याच्याकडे राबायचा, बायकोही राबायची, आणि कर्ज फिटायचं नाही. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं आहे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरीला वारल्यांची मोठी परिषद झाली आणि वेठबिगारी व लग्नगड्याची पद्धत मोडायचं ठरलं. इथल्या मुलींच्या वाट्याला वयाआधी काही आलं असेल तर ते काम होतं.

त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १९४५ मध्ये, डहाणू तालुक्यातल्याच बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्याबरोबर आलेल्या अनुताई वाघ तेव्हा पस्तिशीच्या होत्या. अनुताईंचं लग्न १९२३ साली, तेराव्या वर्षी झालं होतं आणि सहा महिन्यांत नवरा गेला होता. तेव्हाच्या रिवाजाने नथ, कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र हे सगळं तेराव्या वर्षी चढवायचं आणि त्याच वर्षी उतरवायचं, आणि दोन्ही वेळा मुलीला कुणी विचारत नसे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं आणि मग इकडे आल्या त्या कायमच्याच. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. आता देशभर सरकारी कागदांवर असलेला 'अंगणवाडी' हा शब्द आमच्या तालुक्यातला आहे, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. दोघींनी चालवलेलं काम अगदी साधं होतं. सहा वर्षांच्या मुलीला सहा वर्षांचं असू द्यायचं. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन ती आली, तर त्यालाही आत घ्यायचं.

म्हणजे मग आज काहीच बिघडलेलं नाही का? तसं मी म्हणत नाही. तिसरीत असताना शाळेच्या गॅदरिंगला मला नऊवारी नेसवून, नथ लावून, ओठ रंगवून एका सिनेमातल्या लावणीवर नाचवलं होतं. शब्दांचा अर्थ मला कळत नव्हता, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना कळत होता. आई-बाबांनी कौतुकाने फोटो काढले. पुढे हेच टीव्हीवर मोठ्या प्रमाणात झालं. जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाला खासगी वाहिन्यांना सूचना काढावी लागली की डान्स रिअ‍ॅलिटी शोमध्ये लहान मुलांना वयाला न शोभणाऱ्या, अश्लील हावभावांसह दाखवू नका. फ्रान्सच्या सिनेटने २०१३ मध्ये लहान मुलींच्या सौंदर्यस्पर्धांविरुद्ध मतदान केलं. स्वीडनमधल्या एका औषध दुकानांच्या साखळीने २०२४ मध्ये सुरकुत्या घालवायची क्रीम्स पंधरा वर्षांखालच्या मुलांना विकणं बंद केलं. दहा वर्षांच्या मुलीला सुरकुत्यांची भीती घालून पैसे काढणं हे मात्र खरोखर नवीन आहे. चिरडी विणणाऱ्याने एवढं केलं नव्हतं.

फोनमधला फिल्टरही नवीन आहे. तो चेहऱ्यावरचे बिंदू शोधतो, ओठांची कड पकडतो आणि रंग भरतो. समोरची मुलगी सातची आहे की सत्तावीसची, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ओठ सापडले की झालं. हे बनवणारे माझ्याच वयाचे, माझ्यासारखीच डिग्री घेतलेले लोक असतात आणि 'वय विचारायचं का' हा मुद्दा मीटिंगमध्ये निघाला तरी पुढच्या रिलीजवर ढकलला जातो.

तरीही यात्रेतल्या त्या मुलीवर आपण जितके चिडतो, तितके दुसऱ्या एका मेकअपवर चिडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाचातली एक, आणि तिचंही ब्यूटी पार्लर झालेलं असणार. फाउंडेशन, नकली पापण्या, अंबाड्यावर गजरा, शालू. सोळा वर्षांची मुलगी या सगळ्यात सहज बावीसची दिसते, तशी दिसावी म्हणून तर ते करायचं. मांडवात जेवायला बसलेला कुणी 'आजकालच्या पोरी' म्हणत नाही. 'किती छान दिसतेय' म्हणतात आणि पाकीट देतात.

महाराष्ट्रात खेड्यांमध्ये बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्याची सहायक अंगणवाडी सेविका. १०९८ वर कुणी निनावी फोन केला की या दोघांना मांडवात जावं लागतं. तोवर मुलीला हळद लागलेली असते, हातावर मेंदी असते, जेवणाची भांडी चुलीवर असतात आणि मामा लोक अंगावर येतात. चेहऱ्याकडे बघून वय ठरवायचं नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत असतं. सेविका बहुधा त्याच पाड्यावरची असते. दहा-बारा वर्षांपूर्वी हीच मुलगी तिच्या अंगणवाडीत खिचडी खायला येत होती, तिची जन्मतारीख तिला पाठ असते. तरी ती शाळेचा दाखला मागते.