मधुकरराजाची कहाणी

मधमाश्यांच्या मोहोळांत एक मोठी माशी असते आणि ती उठून गेली कीं सारें मोहोळ तिच्या मागें जातें, ही गोष्ट मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. प्रश्नोपनिषदांत प्राणाची महती सांगतांना हाच दृष्टान्त योजिला आहे, आणि तेथें त्या माशीस मधुकरांचा राजा म्हटलें आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानेंही तिला राजाच मानिलें. कांहीं लोक तिला आई म्हणतात हें त्यास ठाऊक होतें. पण त्यांचें म्हणणें त्यानें नमूद करून बाजूस ठेविलें. राज्य म्हटलें कीं राजा हवा, आणि राजा म्हटला कीं तो पुरुष हवा, हा समज घेऊनच माणसें पोळ्याकडे पाहत होतीं. तथापि त्याच ॲरिस्टॉटलनें एक शहाणपणाची गोष्ट लिहून ठेविली आहे. मधमाश्यांच्या उत्पत्तीविषयीं पुरेशी माहिती अद्याप मिळालेली नाहीं. ती मिळेल तेव्हां तर्कापेक्षां प्रत्यक्ष निरीक्षणावर अधिक विश्वास ठेवावा, असें तो म्हणतो. ही आज्ञा पाळावयास युरोपास दोन हजार वर्षें लागलीं.

१६०९ सालीं चार्ल्स बटलर या इंग्रज पाद्र्यानें आपल्या ग्रंथास नांव देतांनाच पोळ्यास स्त्रीराज्य म्हटलें. एलिझाबेथ राणीची कारकीर्द पाहिलेल्या माणसास ही कल्पना इतरांहून सोपी गेली असावी. पुढें त्याच शतकांत हॉलंडमधील यान स्वामरडाम यानें सूक्ष्मदर्शकाखालीं तथाकथित राजाचें पोट फाडून पाहिलें, तों आंत अंडाशय! राजा ही सर्व मोहोळाची आई ठरली. परंतु ती नराशीं संग करतांना पोळ्यांत कोणीच पाहिली नव्हती. तेव्हां नरांच्या नुसत्या गंधानें तिला गर्भ राहत असावा, असें खुद्द स्वामरडामनेंही मानिलें. डोळ्यांस न दिसलेल्या जागीं तर्कानें पुन्हां आपलें आसन मांडिलें.

हें कोडें सुटलें तें दोघां माणसांच्या चिकाटीनें. व्हिएन्ना येथें मधुमक्षिकापालन शिकविणारा स्लोव्हेन शिक्षक आन्टोन यान्शा यानें १७७१ च्या सुमारास लिहून ठेविलें कीं, तरुण राणी पोळ्याबाहेर उडून जाते आणि नराशीं तिचा संग तेथेंच होतो. दुसरा जिनीव्हाचा फ्रांस्वा ह्यूबर. त्याची दृष्टि तारुण्यांतच गेली होती. तो प्रश्न योजी, आणि त्याचा विश्वासू सेवक ब्यूर्नांस आपल्या डोळ्यांनीं त्यांचीं उत्तरें शोधी. पुस्तकाच्या पानांप्रमाणें उघडणारी पेटी करून त्यांनीं मोहोळाचें एकेक पोळें चाळिलें, आणि १७९२ सालीं ह्यूबरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. राणी आकाशांत विहार करून सफल होते हें त्यानें प्रयोगानें दाखविलें. पण त्याला आणखी एक चमत्कार आढळला. राणीस फार दिवस कोंडून ठेवून तिचा विहार लांबविला, तर ती पुढें जन्मभर केवळ नरांचींच अंडीं घालते. याचें कारण मात्र त्यास सांगतां आलें नाहीं.

तें कारण सांगणारा माणूस सायलेशियांतील एका खेड्याचा धर्मगुरु होता. यान जेर्झोन याचा जन्म १८११ सालचा. आपल्या पेट्यांत त्यानें अशा राण्या पाहिल्या कीं, जन्मतःच पंख अधू असल्यामुळें त्यांना उडतां येत नव्हतें. त्यांचा नराशीं संबंध येणें अशक्य. तरीही त्या अंडीं घालीत, आणि त्यांतून नर निपजत, केवळ नरच. १८४५ सालीं जेर्झोननें आपलें मत छापलें: राणीचें जें अंडें नराच्या बीजानें फळतें त्यांतून मादी होते, जें फळत नाहीं त्यांतून नर होतो. सारांश, नरास आई असते, बाप नसतो. विहारांत मिळालेलें बीज राणी आपल्या उदरांतील एका पिशवींत वर्षानुवर्षें सांठविते आणि अंडें घालतांना तें त्यास देते किंवा देत नाहीं.

हें विधान ऐकून विद्वान चकित झाले. तेव्हां जेर्झोननें पोळ्याचीच साक्ष काढिली. १८५३ मध्यें त्यानें इटलींतून पिंवळ्या मधमाश्या आणविल्या. पिंवळ्या राणीचा काळसर जर्मन नराशीं संयोग झाला, तर तिच्या कामकरी माश्या संमिश्र वर्णाच्या होत. नर मात्र आईसारखे शुद्ध पिंवळे. बाप असता तर त्याचा रंग पुत्रांत दिसला नसता काय? १८५६ सालीं फॉन झीबोल्ड या प्राणिशास्त्रज्ञानें आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. कामकरी माश्यांच्या अंड्यांत त्यास शुक्रतंतु आढळले होते. नरांच्या अंड्यांत एकही आढळला नव्हता.

पुढें १८७० मध्यें पोप अस्खलनशील आहे असा सिद्धान्त रोमनें जाहीर केला. जेर्झोननें तो मानण्याचें नाकारलें, आणि १८७३ सालीं तो बहिष्कृत झाला. या वादाशीं मधमाश्यांचा कांहीं संबंध नव्हता. परंतु स्वतःच्या बुद्धीस न पटलेलें केवळ अधिकारवाणीनें सांगितलें म्हणून न स्वीकारणारा स्वभाव दोन्हीकडे एकच होता. १९०६ सालीं तो पंचाण्णवाव्या वर्षीं वारला, त्यापूर्वीं वर्षभर धर्मसंस्थेशीं त्याचा समेट झाला होता.

आज रंगसूत्रें मोजून हीच गोष्ट सांगतां येते. राणीच्या व कामकरी माशीच्या पेशींत तीं ३२ असतात, नराच्या पेशींत १६. आपल्याकडील सातेरी माशीचाही वंश याच नियमानें चालतो. नराची वंशावळ मोठी गमतीची आहे. त्यास बाप नाहीं, पण आईचा बाप म्हणून आजोबा आहे. त्याच्या मागच्या पिढ्यांतील पूर्वज मोजले तर एक, दोन, तीन, पांच, आठ असे वाढत जातात.

पित्यावांचून पुत्र ही पुराणांतील अद्भुत कथा वाटावी. पण ती प्रत्येक मोहोळांत दर उन्हाळ्यांत घडतच होती. अज्ञान पोळ्यांत नव्हतें, पाहणाराच्या डोळ्यांत होतें. आणि तें दूर करण्याच्या कामीं एक आंधळा उपयोगी पडला, हें ॲरिस्टॉटलला समजतें तर तो खास संतोष पावला असता.