जुन्या घरातला नवा बिऱ्हाडकरू

जुनी यंत्रं जपणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. कमोडोर या अमेरिकन कंपनीचा ‘अमिगा १२००’ हा घरगुती संगणक १९९२ साली बाजारात आला. कीबोर्ड आणि यंत्र एकाच पेटीत! १९९४ साली कंपनीचं दिवाळं निघालं. पण हौशी मंडळींनी हे संगणक आजही चालते ठेवले आहेत.

खरी अडचण साठवणुकीची. त्याच्या फ्लॉपीत मावणार ८८० केबी. आतली हार्ड डिस्क असलीच, तर तीही थकलेली. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर खराब होतो, डिस्कची मोटर अडते आणि त्यांवरची चित्रं, संगीत, खेळ कायमचे हरवतात.

वाट मूळ रचनेतच सापडली. या पेटीत लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठी जोडणी होती. योगायोग असा, की १९९४ सालीच आलेलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड त्या डिस्कचीच भाषा बोलतं. मध्ये एक साधा अडॅप्टर बसवला की काम भागतं. पेटी कापावी लागत नाही.

मात्र नव्याने जुन्याची मर्यादा पाळायला हवी. मूळ प्रणाली ४ जीबीपर्यंतच मोजते. त्यापुढे लिहायला गेलं, की मोजणी पुन्हा शून्यावर येते आणि सुरुवातीची माहितीच पुसली जाते.

कवी म्हणून मला हे ओळखीचं वाटतं. जुन्या वृत्तात आजचे शब्द खुशाल नांदतात; मात्रा तेवढ्या सांभाळाव्या लागतात.