बिदागीची वाट

लातूरच्या गंज गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली उभी राहिलेली ही गोल बाजारपेठ. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती सोन्याची, मिरचीची, गुळाची, चपलांची दुकानं. गोंधळी, पोतराज, वासुदेव यांना लागते ती अशीच जागा. माणसं आधीच जमलेली असतात, संबळ तेवढा वाजायचा राहिलेला असतो.

मराठवाड्याचा हा पट्टा गोंधळ्यांचा खराच. त्यांच्या दोन मोठ्या शाखा: रेणुराई आणि कदमराई. रेणुराईंची रेणुका माहूरला, नांदेड जिल्ह्यात; कदमराईंची तुळजाभवानी लातूरच्या शेजारी, तुळजापुरात. लग्नकार्यानंतर यजमान गोंधळ घालतो, दिवटी पेटते, संबळ-तुणतुण्याच्या साथीनं रात्रभर आख्यान रंगतं. बिदागी यजमान देतो. ऐकायला सगळी आळी येते. तिकीट नव्हतं म्हणून ही कला कुणाला फुकट पडत होती, असं मात्र समजू नये. रात्र जागवणाऱ्याचं पोट त्या बिदागीवर आणि परडीतल्या पीठमिठावर चालत होतं. परभणीच्या राजारामबापू कदमांनी हाच गोंधळ अंगणातून मोठ्या रंगमंचावर नेला.

हैदराबादच्या निजामी अमलात मराठवाड्यात चार माणसं एकत्र जमणंही अवघड होतं. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानानं जाहीर सभेला परवानगीची अट घातली. मग कीर्तन आणि गणेशोत्सवातले मेळे यांना वेगळंच मोल आलं; देवाच्या नावानं जमलेल्या गर्दीला देशाचंही काही सांगता येऊ लागलं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. पुढे १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या आसपास चौकाचौकांत भीमगीतं घुमू लागली, तेव्हा वामनदादा कर्डकांच्या रचना ऐकायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

नांदेडच्या रस्त्यानं आणखी एक रूप सांभाळलं आहे. दसरा, दिवाळी आणि होळीला सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातून मिरवणूक निघते. निशाणसाहिब, सजवलेले घोडे, कीर्तनी जथे, गतका खेळणारे तरुण. हल्लाबोल चौकात अरदास होते आणि सारा जमाव एकदम धावत सुटतो. शिखांसाठी ती श्रद्धेची आणि शौर्याची परंपरा. पण दुकानाच्या पायरीवर उभ्या नांदेडकरालाही ती आपलीच वाटते, आणि हे फार मोलाचं आहे.

लातूर आणि नांदेडला जोडणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यात, माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि घोडे, गाढवं, उंट यांच्या बाजारात वाघ्या-मुरळीचा घोळ घुमू लागतो. याच यात्रेत नांदेड जिल्हा परिषद लावणी महोत्सव भरवते. तंबूतल्या तमाशाला तिकीट, इथं मात्र कुणीही यावं. यजमानाची जागा इथं जिल्हा परिषदेनं घेतली.

शहरातही तेच झालं. २००८ च्या गुरुता गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्तानं नांदेडचे रस्ते आणि गोदावरीचे घाट नव्यानं बांधले गेले. आता बंदाघाटावर प्रशासन, महापालिका आणि गुरुद्वारा बोर्ड मिळून दिवाळी पहाट करतात. भल्या पहाटे घाटाच्या पायऱ्या भरतात, थंडीत शाली पांघरून आलेली घरंच्या घरं नदीकडे तोंड करून गाणं ऐकतात.

वृद्ध कलावंतांसाठीही यजमानाची ही जागा सरकारनं घेतली; त्यांचं मानधन २०२४ मध्ये दरमहा ५,००० रुपये झालं. गावोगाव संबळ वाजवून थकलेल्या हातांसाठी ते पुरेसं नाही. पण पावसाळ्यात, जेव्हा ना लग्न असतं ना यात्रा, तेव्हा चूल पेटते ती त्यावरच.