मोटारीतला पट्टा

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात लोकांची नजर आधी जाते ती चकचकीत बंपरकडे आणि मोठाल्या दिव्यांकडे. श्रोत्यांना आमची विनंती आहे की, अशा गाडीचे दार उघडे मिळाले तर तिच्या बैठकीकडेही एकदा पाहावे. गाडी १९५० पूर्वीची असेल तर तेथे पट्टा बहुधा नसतोच. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांतली असेल आणि पट्टा असेलच, तर तो कमरेवरून बांधावयाचा, जाड विणीचा आणि ठोकळ्यासारख्या बकलाचा. त्याला आपोआप गुंडाळणारी रीळ नाही. बसणाऱ्याने दोन्ही टोके हुडकून काढावी, एकमेकांत अडकवावी आणि मोकळे टोक ओढून आपल्या पोटाच्या मापाने घट्ट करावे. लठ्ठ माणूस उतरून काटकुळा बसला की माप पुन्हा पहिल्यापासून. पट्ट्याच्या साऱ्या इतिहासाचे मर्म ह्या कटकटीत आहे, असे आमचे मत आहे.

पट्ट्याची कल्पना मोटारीतून निघालेली नाही. माणसाच्या अंगाला बांधून आकड्याने स्थिर वस्तूला अडकवावयाच्या पट्ट्याचे पेटंट अमेरिकेत एडवर्ड क्लॅगहॉर्न ह्यांना १८८५ सालीच मिळाले होते. १९१० साली बेंजामिन फुलॉय हे लष्करी अधिकारी टेक्सासमध्ये राइट बंधूंचे विमान उडवीत असता बाहेर फेकले जाता जाता वाचले. त्यांनी कातडी पट्टा मिळवून स्वतःला बैठकीशी बांधून घेतले. तेव्हापासून वैमानिकांना पट्टा पटला. मोटारीत मात्र घोडे पेंड खात राहिले. अपघातात गाडीबाहेर फेकला गेलेला माणूस वाचतो आणि आत अडकलेला मरतो, अशी समजूत तेव्हा सर्वत्र होती. शिवाय दुकानात मांडलेल्या नव्या गाडीत पट्टा दिसला की गिऱ्हाइकाला मरण आठवेल, ही विक्रेत्यांची धास्ती.

नॅश कंपनीने १९४९ साली काही गाड्यांत कमरपट्टे देऊ केले. फोर्डने १९५६ च्या गाड्यांसाठी सुरक्षिततेची मोठी जाहिरात केली. त्यात पट्टेही होते, पण वेगळे पैसे मोजून घ्यावयाचे. त्या वर्षी विक्रीत शेव्हरोले पुढे गेली आणि ‘सुरक्षितता विकली जात नाही’ हे व्यापारात जणू वेदवाक्य होऊन बसले. एका वर्षाच्या विक्रीवरून काढलेला हा निष्कर्ष उतावीळपणाचा होता. त्याची किंमत मात्र पुढची कित्येक वर्षे प्रवाशांनी मोजली.

ह्याच सुमारास अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन पॉल स्टॅप ह्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. १० डिसेंबर १९५४ रोजी रुळांवरच्या रॉकेट-गाड्यावर स्वतःला करकचून बांधून घेऊन ते ताशी ६३२ मैल वेगाने गेले आणि १.४ सेकंदांत थांबले. त्यांच्या देहावर त्याच्या वजनाच्या ४६ पट भार आला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दृष्टी गेली, पण ते वाचले. नीट बांधलेला देह केवढा आघात सोसू शकतो हे त्यांनी स्वतःच्या अंगावर सिद्ध केले. त्यानंतर ते मोटारीच्या पट्ट्यांचे कैवारी झाले.

पण केवळ कमरेचा पट्टा अपुरा होता. धडक बसली की कमर जागेवर राही, धड पुढे मुडपे आणि डोके समोर आपटे. पोटातल्या इंद्रियांनाही इजा होई. ग्रिस्वोल्ड आणि डीहेवन ह्या दोघांनी १९५५ साली पेटंट मिळविलेल्या पट्ट्याने खांदाही धरला, परंतु त्याचे बकल नेमके पोटावर येत होते. ह्या कोड्याचे उत्तर स्वीडनमध्ये सापडले. नील्स बोलिन हे साब कंपनीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत. १९५८ साली ते व्होल्वोत आले. वैमानिक जिवासाठी वाटेल तेवढे पट्टे मुकाट्याने बांधून घेतो. बाजारला निघालेला मोटारवाला क्षणाचीही अडचण सोसत नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांचा पट्टा एकसंध होता. छातीवरून तिरपा आणि मांड्यांवरून आडवा जाऊन तो कमरेच्या बाजूला, खाली अडके. आणि हे सारे एका हाताने होई. आमच्या दृष्टीने खरा शोध तो हाच. १३ ऑगस्ट १९५९ रोजी क्रिस्टियानस्टाड गावच्या विक्रेत्याकडे असा पट्टा बसविलेली पहिली पी. व्ही. ५४४ गाडी पोहोचली. व्होल्वोने हे पेटंट इतर कारखान्यांनाही वापरू दिले. व्यापाराच्या जगात असे औदार्य क्वचितच दिसते, म्हणून त्याची मुद्दाम नोंद करावीशी वाटते. बोलिन ह्यांनी १९६७ साली २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला, तेव्हा वाद खरे तर मिटावयास हवा होता.

तो मिटला नाही. पट्टे गाडीत आले, अंगावर येईनात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० च्या अखेरीस पट्टा बांधण्याची सक्ती केली. अमेरिकेत १९७४ च्या गाड्यांना, पट्टा बांधल्याखेरीज इंजिनच सुरू होणार नाही, अशी कळ बसविण्यात आली. शेजारच्या बैठकीवर किराण्याची जड पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसे! लोक खवळले आणि त्याच वर्षी काँग्रेसने ती सक्ती काढून टाकली. ब्रिटनमध्ये पुढे बसणाऱ्यांना सक्ती झाली ती १९८३ साली. तोवर आपोआप गुंडाळणारी आणि झटका बसताच अडणारी रीळ रुळली होती. माप जुळविण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले होते.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांपुढे मात्र प्रश्न उरतोच. पट्टा बसवावा तर गाडीचे मूळ रूप बिघडते. आणि पातळ पत्र्याला नुसते भोक पाडून बसविला तर धडकेत पत्र्यासकट उपटून येतो. खाली भक्कम पोलादी आधार द्यावा लागतो. ब्रिटिश कायद्याने ह्यात तोड काढली आहे. १९६५ पूर्वीच्या गाडीत मुळात पट्टे नसतील तर ते नव्याने बसविण्याची सक्ती नाही, मोठ्यांनी खुशाल हिंडावे. पण अशा गाडीत तीन वर्षांखालील मूल नेता येत नाही, आणि त्याहून मोठ्या मुलाला मागेच बसवावे लागते.